धुतलेल्या पितळेचा रंग

माझ्या घरासमोर करड्या प्रायमरमध्ये जी लांबलचक, उघड्या टपाची गाडी उभी आहे, तिच्याबद्दल मले रोज कोणी ना कोणी विचारते. "काका, चालू आहे का?" अबे, चालू आहे म्हणजे काय! सत्तर वर्षांची ब्यूक आहे अन् अर्ध्या सेल्फात उठते. इंजिन चालू ठेवून बोनटवर पाण्यानं भरलेला गिलास ठेवा, एक थेंब सांडला तर नाव बदलून टाकीन. पण "मंग रंग काहून नाही मारला?" असं कोणी विचारलं का मी गेट लावून घेतो. आज सांगून टाकतो एकदाचं. पुन्हा विचारू नका.

मी लक्ष्मणराव. जवाहरनगरच्या फॅक्टरीत छत्तीस वर्षं काढली, त्यातली वीस तपासणीत. एक काम पूर्ण होऊन त्याच्यावर शिक्का बसला नाही तर पीस पुढच्या टेबलावर सरकत नाही, हा माझा नियम. पोट्टे मागून मले 'रिजेक्टराव' म्हणत. म्हणू द्या. माझ्या हातून एक खोटा पीस पास झाला असन तर दाखवा.

बायको मनकर्णा. भंडाऱ्यातल्या भांडेवाल्यांची लेक. तिच्या बापाचं पितळेच्या भांड्यांचं दुकान होतं, अन् भांड्यावरून शेवटचा हात फिरवाचं काम हिच्याकडं. आजही बाजारात ती भांडं डोळ्यानं पाहत नाही, अंगठ्यानं पाहते. अंगठा फिरवते अन् दुकानदाराले सांगते, "इथं राहिलं आहे जी तुमचं." दुकानदार दुसरं भांडं काढते.

ही गाडी आसगावकडच्या एका मालगुजाराच्या घरची. मनकर्णा आठ वर्षांची होती तेव्हा ते गाडीत बसून घागरी घ्याले दुकानासमोर आले होते. तो दिवस ती मले लग्नाच्या पहिल्या वर्षापासून सांगत आली. गाडी अशी, गाडी तशी, अन् रंग तर विचारूच नका. म्हणून रिटायर झाल्यावर कानावर आलं, का ती गाडी त्यांच्या गोठ्यात सडून राहिली आहे, तर मी गेलो. सीटवर कोंबड्या बसल्या होत्या. घरचे म्हणाले, घेऊन जा बापा, जागा तरी मोकळी होईन. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आणली.

पहिलं काम मी हेच केलं, का रंग काढला. वरून पांढरा, त्याखाली निळा, त्याखाली अजून काहीतरी. मी पाहत नाही बसलो. केमिकल लावून कोऱ्या पत्र्यापर्यंत खरवडली अन् प्रायमर मारून मोकळा झालो. मनकर्णा ओट्यावरून म्हणत होती, "थांबा नं जी, खालचा रंग दिसू द्या." मी म्हटलं, "मी जंग पाहू का तुझा रंग पाहू?" डॅशबोर्डच्या मागं, दाराच्या आत, कुठंच नखाएवढा पापुद्रा ठेवला नाही. काम म्हणजे काम.

मंग स्वयंपाकघराच्या भिंतीवर खिळ्याले कार्ड टांगलं. इंजिनापासून सुरुवात, रंग सगळ्यात खाली. प्रत्येक कामापुढं शिक्क्याची जागा. शिक्का मीच मारणार, अन् मीच नापास करणार. ती कार्ड पाहून हसली होती. म्हणाली, "मले बी टांगा एका खिळ्याले."

दुसऱ्या वर्षी तिले नागपूरले डोळ्याच्या डॉक्टरकडं नेलं. काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, गेली ती नजर काही परत येत नाही, राहिली ती जपा, थेंब चुकवू नका. घरी आल्यावर ती पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "बाकीचं मंग करा. मले पहिले रंग निवडू द्या. तो रंग आता फक्त माझ्या डोळ्यात आहे."

"असा कसा रंग होता वो?"

तिनं विचार केला. "पितळ चिंचेनं घासलं, धुतलं, अन् अजून पुसलं नसते नं? तेव्हा जसं दिसते, तसा."

मी हसलो. "हा नंबर रंगाच्या कोणत्या कार्डात असते?"

दसऱ्याले बाबुलाल आला. बाबुलाल म्हणजे आमच्या भागातला गाड्यांचा पेंटर, हात एकदम साफ. त्यानं रंगाचं कार्ड आणलं होतं, चारशे टिकल्या एका पुस्तकात. मनकर्णानं धुतलेलं लुगडं नेसलं, चष्मा पुसला अन् ओट्यावर उजेडात येऊन बसली. अन् मी काय केलं? त्याच सकाळी मले दुसऱ्या गिअरमध्ये बारीक आवाज ऐकू आला होता. दुसऱ्या कोणाले नसता आला. मले आला. मी बाबुलालले गेटवरच म्हटलं, "गिअरवर शिक्का नाही बसला अजून. परत ये."

"भाऊ, मी कुठं आज रंग मारून राहिलो? वहिनीले निवडून तर ठेवू द्या. पाच मिनिटांचं काम आहे."

"वरून कीर्तन, आतून तमाशा, असं काम मी करत नाही. गिअरच्या आधी रंगाचं नाव नको."

बाबुलालनं ओट्याकडं पाहिलं. मनकर्णा उठून आत गेली. अन् खरं सांगू? मले तेव्हा बरं वाटलं होतं. नियमाचा पक्का माणूस, म्हणून माझीच मले ऐट वाटली. थू त्या ऐटीवर.

तो गिअर मी तीनदा उघडला. तीनदा नापास केला. चौदा महिने गेले. तेवढ्या दिवसांत ती कपाच्या बाहेर चहा ओतू लागली. चौकटीले खांदा आपटला तर मी गाडीखालून ओरडलो, "पाहून चाल नं!" तिनं एकदाही म्हटलं नाही, का मले कमी दिसून राहिलं. मीही विचारलं नाही. मले त्या गिअरमधला केसाएवढा फरक ऐकू येत होता, अन् घरात बाई भिंत धरून चालून राहिली होती ते दिसलं नाही.

शेवटी आवाज गेला. शिक्का मारला अन् त्याच दिवशी बाबुलालले बोलावलं. मनकर्णानं रंगाचं कार्ड हातात घेतलं, खिडकीपाशी नेलं, डोळ्याजवळ धरलं, लांब धरलं. मंग मांडीवर ठेवलं.

"सगळे राखेवानी दिसतात, बाबुलाल भाऊ."

बाबुलालनं हार नाही मानली. टिनाच्या पत्र्यावर सहा पट्टे मारून आणले, उन्हात धरले. ती खूप वेळ पाहत होती, मंग एकेकावरून अंगठा फिरवला. म्हणाली, "गुळगुळीत आहेत. हात चांगला आहे तुमचा." बाबुलाल पत्रा उचलून निघून गेला, माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय. दिवसभर मी काहीच खाल्लं नाही. ती मात्र जेवली, अन् ताटावर बसून मलेच म्हणाली, "घ्या जी दोन घास."

मागच्या महिन्यात ती स्वतःहून म्हणाली, "आता मले बसवून आणा एकदा आसगावकडं." भिंतीवरच्या कार्डावर शेवटची जागा कोरी होती. मी गाडी काढली. माझ्या हातून पहिल्यांदा शिक्क्याशिवाय काही दाराबाहेर गेलं.

टप खाली केला. धान कापून झालं होतं, बांध्यांमध्ये नुसती धसकटं. ती डोक्यावरचा पदर धरून बसली होती, अन् वारा कुठून येऊन राहिला ते तोंड फिरवून पाहत होती. आसगावच्या अलीकडं तलावाच्या पाळीवर मी गाडी थांबवली. कपडे धुणाऱ्या बाया उठून उभ्या राहिल्या.

"लोक पाहून राहिले का?" तिनं विचारलं.

"हव. लय लोक आहेत."

"मंग सांगा नं, कशी दिसते?"

समोर माझी गाडी. राखेच्या ढिगावानी. दारावर पोचे बुजवाले भरलेल्या लांबीचे पांढरे डाग. मी म्हटलं, "रंग मारला मी. तू पोरीकडं, डिंपलकडं नागपूरले चार दिवस गेलती तेव्हा. तुले सांगितलं नाही. तोच रंग सापडला. चिंचेनं घासून धुतल्यावानी."

तिनं हात दाराबाहेर काढला अन् पत्र्यावर ठेवला. मले वाटलं, हात धरावा तिचा. नाही धरला. अंगठा दाराच्या कडेवरून हळूहळू पुढं गेला, प्रायमरच्या खरखरीवरून, लांबीच्या डागावरून. तिथं थांबला.

"पास केला तुमी?"

"केला."

"तुमच्या हातचा पहिला खोटा पीस," ती म्हणाली. अन् हसली. रागानं नाही हो. रागानं हसली असती तर सोसलं असतं.

मले रडू आलं. बाया पाहून राहिल्या होत्या, तरी आलं. मी म्हटलं, "मनकर्णा, तुले तो रंग पुन्हा पाहाचा होता. मी पाहू नाही दिला."

"मले कायले पाहाचा होता?" तिनं अंगठा पदराले पुसला. "मी तर पाहिला आहे. आताबी डोळे मिटले का दिसते. तुमाले दाखवाचा होता, जी."

मी गाडी सुरू केली. अर्ध्या सेल्फात उठली. घरी येईपर्यंत दुसऱ्या गिअरमध्ये काहीच आवाज आला नाही.