कुरकुरणाऱ्या दिरावर उपाय

वहिनींचा देवावर किती विश्वास होता हे सांगता येणार नाही, पण छापलेल्या युक्तीवर मात्र पुरेपूर होता. साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर ‘सोपं घर, सोपा प्रवास’ नावाचं सदर यायचं. त्यात आलं की घरात झालंच म्हणून समजा. ओल्या बुटांत रद्दी कोंबा, कोंबली. चार्जरच्या वायरी चष्म्याच्या घरात ठेवा, ठेवल्या. आता चष्मा कुठे ठेवायचा हे काही सदरात आलं नव्हतं, म्हणून दादा, म्हणजे वहिनींचे यजमान, महिनाभर चष्मा हातात घेऊन फिरले. डबा विसरू नये म्हणून घराच्या किल्ल्या डब्याशेजारी फ्रीजमध्ये ठेवा, असंही एकदा आलं होतं. तेव्हापासून त्या घराच्या किल्ल्या बारा महिने गार लागायच्या.

कोणी हसलं तर वहिनी म्हणायच्या, “हसा खुशाल. ते पान आमच्या भावजींच्या नजरेखालून जातं. त्यात चूक निघाली तर नाव बदलीन मी!”

भावजी म्हणजे दादांचे धाकटे भाऊ. लग्न केलं नाही, वीस वर्षं दादांकडेच राहत होते. त्याच साप्ताहिकात मुद्रितशोधक होते, म्हणजे पान छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका वेचून काढायचं काम. तांदळातले खडे वेचावेत तसे ते चुका वेचायचे आणि तीस वर्षांत एकही खडा कोणाच्या दाताखाली आला नव्हता. पण दिवसभर खोट काढणारा माणूस संध्याकाळी घरी येऊन कौतुक करायला लागतो, असं कुठे होतं का? चहा पांचट, पंखा संथ, उशी टणक, वर्तमानपत्राची घडी उलटी. भावजींची कुरकुर सकाळी दुधाबरोबर सुरू व्हायची. एकदा प्रवासात त्यांनी हॉटेलच्या पाटीवरची वेलांटी दुरुस्त करून घेण्यासाठी दादांना गाडी पाऊण तास थांबवायला लावली होती. त्यानंतर दादा-वहिनींनी सात प्रवास केले आणि सातही वेळा कुंड्यांना पाणी घालायला भावजी घरी राहिले.

आता आठवा प्रवास होता. दादांच्या मुलीनं नवीन घर घेतलं होतं आणि तिचा निरोप आला होता, ‘सगळे या.’

‘सगळे’ हा शब्द भावजींनी मनातल्या मनात चाळीस वेळा तपासला. शब्द शुद्ध होता. त्यात दीर धरायचा की नाही, एवढंच कळत नव्हतं. पुतणीला मुळाक्षरं त्यांनीच गिरवायला शिकवली होती. त्यांना जायचं होतं. फार जायचं होतं. पण ‘मलाही न्या’ एवढे दोन शब्द काही तोंडातून फुटेनात. गुरुवारी सकाळी ते कामाला निघाले तेव्हा दादा गाडीच्या मागच्या सीटवर रिकाम्या बॅगा ठेवून बघत होते. एक, दोन, तीन. तीन बॅगांनी सीट गच्च भरली. “छान बसल्या,” दादा म्हणाले.

त्या दिवशी ऑफिसात भावजींनी शेवटचं पान वाचलं आणि ठीक म्हणून सही केली. शनिवारी अंक घरी आला. वहिनींनी नेहमीप्रमाणे मोठ्यानं वाचायला घेतला.

“‘कुरकुरणाऱ्या दिराला सकाळ-संध्याकाळ सांध्यांत चार थेंब तेल सोडावे व पाच मिनिटे सावकाश पुढेमागे करावे. तीन दिवसांत कुरकुर न थांबल्यास उतरवून सुताराकडे न्यावे.’”

भावजींच्या हातातला कप बशीवर आपटला. दाराला! दाराला हवं होतं! काना गेला होता आणि वेलांटी आली होती. तीही ऱ्हस्व, म्हणजे शुद्धलेखनाला दोष द्यायला जागा नाही.

“बघा,” वहिनी दादांना म्हणाल्या, “किती साधा उपाय! आणि आपण वीस वर्षं नुसतं ऐकून घेतोय.”

आता भावजींची पंचाईत बघा. ती चूक आहे म्हणावं, तर या घरात त्यांची जी एकच गोष्ट मानली जात होती ती गेली. म्हणू नये, तर सांध्यांत तेल. आणि तीन दिवस संपत होते बुधवारी, म्हणजे नेमके गाडी निघायच्या दिवशी. इकडे आड, तिकडे विहीर. त्यांनी ठरवलं, तीन दिवस कुरकुर करायचीच नाही. कोणी सांगावं, गप्प दीर बघून यांना न्यावंसंही वाटेल.

रविवारी सकाळी वहिनी शिवणयंत्राची तेलाची कुपी घेऊन आल्या. “भावजी, कोपर इकडे करा.” मग दुसरं कोपर, मग गुडघे, मग मान. दादांनी खांदे धरून त्यांना मनगटावरच्या घड्याळाकडे बघत पाच मिनिटं पुढेमागे केलं. शर्टाला डाग पडले तरी भावजी चकार शब्द बोलले नाहीत.

सोमवारी ऑफिसातला फोन खाली ठेवायला सवड नव्हती. वाचक विचारत होते, दीर कोणत्या बाजूला उघडावा? दोन दीर असतील तर एकाच कुपीत भागेल का? जावयालाही चालेल का? भावजी संपादकांसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, “साहेब, चूक माझी आहे. शुद्धिपत्र छापू या.”

“खुळे आहात का?” संपादक म्हणाले. “लोकांना गुण येतोय!”

मंगळवारी संध्याकाळपर्यंत भावजींनी दम धरला. जेवायला ते नेहमीच्या जागी बसले, म्हणजे फ्रीजच्या पुढ्यात. फ्रीज उघडायचा की भावजींनी उठायचं, खुर्ची सरकवायची, फ्रीज मिटला की परत बसायचं, ही रीतच पडून गेली होती. त्या दिवशी पाण्यासाठी उठले, दह्यासाठी उठले, लिंबासाठी उठले. चौथ्यांदा वहिनी किल्ल्या बघायला आल्या आणि भावजींच्या तोंडून निघून गेलं, “घास तरी गिळू द्या हो माणसाला!”

दादांनी वहिनींकडे बघितलं. वहिनींनी उसासा टाकला. “काही इलाज नाही. उद्या सकाळी सुतार.”

सुताराच्या दुकानात आधीच तीन दीर भिंतीला टेकवून ठेवले होते. एकाच्या पाठीवर खडूनं फुली मारलेली होती. तिघेही एकमेकांची नजर चुकवत होते. ते बघून मात्र भावजींचा धीर सुटला.

“वहिनी, ती छपाईची चूक आहे! ‘दाराला’ असं हवं होतं. माझ्या नजरेतून निसटलं.”

वहिनी हसल्या. “तुमच्या नजरेतून? काहीतरीच! तीस वर्षांत जे झालं नाही ते आताच कसं झालं? रंध्याला घाबरून खोटं बोलू नका, भावजी.”

तीस वर्षांचं नाव असं उपयोगी पडलं. 

सुतार मात्र कसबी माणूस होता. त्यानं भावजींना उजेडात उभं केलं, डोक्यापासून टाचेपर्यंत पट्टी लावली, खांद्याला काटकोन तपासायचा गुण्या लावला, छातीवर बोटानं टकटक केलं आणि कान देऊन ऐकलं. मग पेन्सिल कानामागे खोचली.

“ओल नाही, कीड नाही, वाकही नाही. दीर सरळ आहे तुमचा. चौकट बघावी लागेल.”

“वा!” दादा म्हणाले. “नाचता येईना, अंगण वाकडं.”

“अंगणही वाकडं असतं कधीकधी,” सुतार म्हणाला. “मोजल्याशिवाय कसं सांगू?”

तो घरी आला. ओळंब्याची दोरी सोडून त्यानं सगळं घर मोजलं. स्वयंपाकघरात खुर्ची आणि फ्रीजचं दार यांच्यामधलं अंतर मोजलं, वीत अन् दोन बोटं. बोळातला पलंग मोजला. त्याच्या पायथ्याशी इस्त्रीचं टेबल उभं होतं, त्यामुळे झोपणाऱ्याला पाय पोटाशीच घ्यावे लागत. कपाटातला भावजींचा कप्पा उघडला, तर अर्ध्या भागात रिकाम्या बरण्या. दाराबाहेर गाडीकडे त्याचं लक्ष गेलं. पुढे दोन सीटा, मागे तीन फुगलेल्या बॅगा. त्यानं तिथेही पट्टी लावली, आकडा कागदावर टिपला आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, “ताई, यांची जागा कुठली?”

दादांनी फ्रीजकडे बोट दाखवलं आणि खाली घेतलं. मग बोळाकडे दाखवलं, तेही खाली घेतलं. 

“चौकट आवळली की चांगलं लाकूडही बोलतं,” सुतार म्हणाला. “दुकानात तिघं खोळंबलेत, मी निघतो.”

 तो गेल्यावर वहिनींनी हळूच विचारलं, “भावजी, खरंच चूक होती ती?”

“हो.”

“पण तुमच्या हातून झाली कशी?”

भावजी शर्टावरचा तेलाचा डाग नखानं खरवडत राहिले. “मी तो शब्द वाचला, वहिनी. नीट वाचला. ‘कुरकुरणाऱ्या’ असं आधी आलं, तर पुढे दीरच असणार. मला काही खटकलंच नाही.”

 वहिनी उठल्या, तरातरा गाडीपाशी गेल्या आणि तिन्ही बॅगा ओढून त्यांनी अंगणात पालथ्या केल्या. घड्या घातलेले कपडे एकेक करून मोडले, घट्ट गुंडाळ्या केल्या आणि एकाच बॅगेत ठासायला लागल्या. तिसऱ्या बॅगेतली जादा चादर, जादा चपला, जादा टॉवेल त्यांनी सरळ बाजूला भिरकावले.

दादा चष्मा हातात घेऊन बघत राहिले. “अगं, ही युक्ती कुठल्या अंकात आली?”

“कुठल्याच नाही,” वहिनी मान वर न करता म्हणाल्या. डोळ्यांतलं पाणी त्यांनी दंडाला पुसलं. “भावजी, बघत काय उभे राहिलात? तुमचे कपडे आणा.”

भावजी कपडे आणायला गेलेच नाहीत. ते आधी जाऊन मागच्या सीटवर मधोमध बसले आणि आतून दार लावून घेतलं. न जाणो, कोणाचं मन बदललं तर!