पालीची साक्ष

ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. ऑस्ट्रेलियातला वोम्बॅट चौकोनी लेंड्या टाकतो. एरवी मध्यरात्री मोबाइलवर असलं काही सापडलं की चैताली आईला हलवून उठवायची. आज आई जागीच होती, भिंतीकडं तोंड करून पडलेली. आणि चैताली एकच जनावर धुंडत होती. पाल.

भुशीच्या ज्या बंगल्यात तिची आई आक्काबाई पाहुण्यांचा स्वयंपाक करायची, तिथं बासुंदीत मेलेली पाल निघाली होती. खाल्लेल्यांना दोन तासांत उलट्या सुरू झाल्या. पाहुण्यांनी इंटरनेटवर बंगल्याची लाज काढली. आता मालक शौनकला आक्काबाईचा व्हिडिओ हवा होता : झाकण माझ्याकडून उघडं राहिलं, पालीचं विष उतरलं, माफ करा. तो व्हिडिओ फिरला असता तर लोणावळ्यात कुणी तिला चहासुद्धा करू दिला नसता.

पालीला पापण्या नसतात, ती जिभेनं डोळे पुसते. वाचता वाचता बीएस्सी झालेल्या चैतालीचं डोकं तापत गेलं. जगातल्या एकाही पालीला विष नाही. जंतू असतात तिच्या अंगावर, पण त्यांना पोट बिघडवायला सहा तास तरी लागतात. दोन तासांत उलट्या होतात त्या उबेला राहून आधीच नासलेल्या पदार्थानं. तो पुन्हा उकळला तरी त्यातलं विष जात नाही.

"आई, बासुंदी रात्रभर कुठं होती?"

"वट्यावर. फ्रीजमदी त्यानं पावन्यांची बियर भरली की. मी म्हनलं व्हतं, नासंल म्हनून."

"मग हे बोलली का नाहीस?"

"बोलून काय? बंगला त्याचा."

सकाळी बंगल्याच्या स्वयंपाकघरात चैतालीनं हे सगळं शौनकसमोर मांडलं. तो मोबाइलची काच पुसत ऐकत होता.

"गूगल वाचून डॉक्टर झालीस का गं?"

"डॉक्टर कशाला लागतोय? फ्रीजमध्ये बियर कुणी भरली, तेवढं सांगा."

"बासुंदी रात्रभर फ्रीजमध्येच होती," शौनक शांतपणे म्हणाला.

ट्यूबलाइटमागं पाल चुकचुकली. बोलताना पाल चुकचुकली की बोललेलं खरं. आक्काबाईची बोटं सवयीनं ओट्यावर वाजली. "खरं, खरं," ती पुटपुटलीसुद्धा.

शौनक हसला. "घ्या. पालच साक्ष देते."

"तो नर असेल, तर दुसऱ्या नराला हद्दीतून हाकलतोय," चैताली दातओठ खात म्हणाली. "तुमच्या फ्रीजमध्ये काय होतं, ते त्याला काय ठाऊक?" मग ती आईकडं वळली. खरा राग तिचाच आला होता. "आणि तू? मेलेल्या पालीला विषारी ठरवू दिलंस आणि जित्या पालीच्या शब्दावर ह्यांचं खोटं खरं करतेस."

चटका बसावा तसा आक्काबाईनं हात मागं घेतला. ती बोटं तिनं पदराला पुसली.

शौनकनं मोबाइल समोर धरला. "बोला मावशी. नुसतं झाकणाचं बोला."

"मी आक्काबाई. बासुंदी मी केली. झाकण उगडं ऱ्हायलं असंल माज्याकडनं. पर बासुंदी रातभर वट्यावर व्हती. फ्रीजमदी ह्या सायबांनी बियर भरली व्हती."

"कट." शौनकचा आवाज चढला. "पुन्हा घेऊ. मावशी, उद्यापासून कामाला यायचंय ना?"

"कितीबी डाव घ्या, साहेब. त्वांडातनं ह्येच निगंल."

चैतालीनं ओट्यावर दोनदा बोटं वाजवली.

"खरं," ती म्हणाली.