जीवरामची घागर

"खरं सांगा, भाऊ. दुसरी होडी व्हती का?"

धुरपदाबाईंनी विचारलं आणि झुलालच्या हातातला सांजोरीचा तुकडा हातातच राहिला. आखाजीचं, अक्षय तृतीयेचं, ऊन धरणगावच्या ओट्यावर रणरणत होतं. आत सून कमल मातीच्या घागरी मांडत होती. गेलेल्या माणसांना पाणी पोचावं म्हणून एक धुरपदाबाईंच्या सासऱ्यांची, एक सासूची. त्यांच्या नवऱ्याची, जीवरामची, घागर मात्र या घराने कधीच भरली नव्हती. हयात माणसाची घागर कोण भरतं?

झुलाल आणि जीवराम भुसावळला इंजिनात कोळसा टाकायचे. लढाईच्या दिवसांत जास्त पगाराला भुलून दोघे मालवाहू जहाजाच्या भट्टीवर गेले. बेचाळीस साली जहाज बुडालं आणि झुलाल एकटाच परतला. दारात धुरपदा, अठरा वर्षांची पोर, कडेवर सहा महिन्यांचं लेकरू. झुलालची हिंमतच खचली. "तो दुसरी होडीमा व्हता, यी जाई," असं तो बोलून बसला. कंपनीच्या पत्रातही 'बेपत्ता' एवढंच होतं. मग काय, बाईने कपाळावरचं कुंकू पंचेचाळीस वर्षं पुसलं नाही.

दर आखाजीला झुलाल आंबे घेऊन यायचा. आता दीपनगरहून, मुलाच्या क्वार्टरमधून. आज सांगूनच टाकू म्हणत यायचा आणि सांजोऱ्या खाऊन परत जायचा. स्वतःची किळस यायची, पण भूकही लागायची.

"आते कसाले इचारतस, वहिनी?"

"थकनू मी. दारनी कडी वाजनी का अजून उठी बसस. आते व्हत नही."

झुलालने सांजोरी खाली ठेवली.

"नव्हती, वहिनी. एकच होडी व्हती. आम्ही दोन्ही तिनामाच व्हतूत."

"मंग?"

"पानी सरी गयं. चारीमेर समुद्र, अन् पेवाले थेंब नही. नववा दिनले गया तो. पानी पानी करत."

आता बाई शिव्याशाप देणार म्हणून तो मान खाली घालून बसला. धुरपदाबाईंनी आतल्या घागरींकडे पाहिलं.

"तहानेलच गया," त्या म्हणाल्या. "अन् मी एक आखाजीले पानी नही दिधं त्याले."

शिव्या परवडल्या असत्या. आपल्या एका थापेने मित्र एवढी वर्षं तहानलेला राहिला, हे झुलालच्या डोक्यात आजवर कधी आलंच नव्हतं. त्याला रडू आवरेना.

"कमल, अजून एक घागर आन."

नवी घागर शिल्लक नव्हती. कमलने बावरून रोजच्या पिण्याच्या पाण्याचीच रिकामी करून आणली. धुरपदाबाईंनी ती स्वतः विसळली, आत सासऱ्यांच्या घागरीशेजारी ठेवली आणि झुलालला बोलावून लोटा त्याच्या हातात दिला.

"तुम्ही भरा. तुम्ही व्हतात त्याना संगे."

झुलालने लोटा घाईने कलता केला. पाणी भसकन पडलं, तशी धुरपदाबाईंनी त्याचं मनगट धरलं.

"हळू टाका, भाऊ. इतला दिनना तहानेल शे. एकदम पाजं ते ठसका लागी त्याले."