एकास पन्नास

माझी लेक राखी नाटकाला उजेड देते. आमच्या बंजारा तांड्यात आधी कुणाला हे पटत नव्हतं. बटण दाबायला मुलीला इतकं शिकवलं का, असं विचारायचे. मी एसटीत कंडक्टर होतो, उलट उत्तर द्यायची सवय जुनी. बटण दाबणं वेगळं आणि उजेड कुठे पडावा हे ठरवणं वेगळं, असं मी ज्याला त्याला ऐकवत असे. निम्म्या लोकांना कळत नसे, पण मी थांबत नसे.

यंदा दारव्ह्याच्या मंडळाचं नाटक यवतमाळच्या स्पर्धेत होतं. मिठाच्या गोण्या बैलांवर लादून मुलूख फिरणाऱ्या आमच्या पूर्वजांचं नाटक. शेवटी सगळा तांडा पुढे निघून जातो आणि नायकाची म्हातारी बायको, नायकण, एकटीच मागे उभी राहते. त्या वेळी सगळीकडे अंधार आणि फक्त तिच्यावर उजेड, असं राखीने ठरवलं होतं. नायकण झाली होती शमा, बसस्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्या रहेमानची मुलगी.

नाट्यगृहातले दिवे टांगायचं काम तिथल्या धर्मपालकडे. आमची गाडी पोचायच्या आत, सकाळीच तो दिवे लावून मोकळा होणार होता. एकदा लावलेला दिवा पुन्हा हलवणार नाही, हे त्याने फोनवर बजावलं होतं. त्याला हवा होता कागदावरचा नकाशा, एकास पन्नास प्रमाणात. कागदावर पट्टी ठेवायची, येईल त्याला पन्नासने गुणायचं आणि तिथे दिवा टांगायचा, अशी त्याची पद्धत. मोबाईलवर पाठवते म्हटलं तर म्हणाला, मोबाईलवर पट्टी कशी ठेवू. माणूस मला तिथेच आवडला.

आदल्या दिवशी दुपारी आम्ही रहेमानकडे गेलो. दुकानात सातबारा, आधार, दाखले यांची ही गर्दी. रहेमानचा एक बाणा आहे: त्याच्या दुकानातून कडा कापला गेलेला कागद बाहेर पडत नाही. कुठल्याशा कचेरीने कधीतरी कुणाचा दाखला कोपरा उडाला म्हणून परत पाठवला, तेव्हापासून तो प्रत्येक कागद मशीनला लहान करून पानात बसवायला सांगतो. हात आपोआप त्याच खुणेवर जातो. राखीचा नकाशा ए-टू मापाचा, त्याचं मशीन त्याच्या निम्म्या ए-थ्रीपर्यंतचं. त्याने तो बसवला. चारही बाजूंनी सुबक कोरी किनार, एक रेघ तुटलेली नाही. मी तर खूश झालो.

राखीने पट्टी ठेवली. रंगमंचाचं तोंड दहा मीटरचं, कागदावर वीस सेंटिमीटर यायला हवं. आलं चौदा.

रहेमानला राग आला. काहीच कापलं गेलं नाही, मग खोट कसली काढता, असं तो गिऱ्हाइकांसमोर बोलला. माझंही डोकं तापलं, पण राखीने मला हातानेच गप्प केलं आणि कागदाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"चाचा, कागद लहान झाला तं झाला. पण इथं लिवलं आहे एकास पन्नास. थो खोटं बोलून राह्यला. धर्मपालभाऊ यावरून मोजतीन, दिवा अलीकडंच टांगतीन, अन् उजेड पडन रिकाम्या जमिनीवर."

"अन् माही शमा?"

"शमा अंधारात."

रहेमान खुर्चीवरून उठला. गिऱ्हाइकांना त्याने थोडं थांबायला सांगितलं. असं सांगताना मी त्याला पहिल्यांदाच पाहिलं. प्रमाण अर्धं करून छापावं का, असं त्याने विचारलं. तसं केलं तर दिव्यांचे नंबर वाचता येणार नाहीत, राखी म्हणाली. मग तिने संगणकावरच नकाशाचे दोन भाग केले, चौकटीबाहेरची रिकामी जागा सोडली आणि मधला पट्टा दोन्ही भागांवर येऊ दिला. मशीनची बसवायची खूण काढली, शंभर टक्के ठेवलं. दोन कागद बाहेर आले. आता ते जोडायचे तर एका कागदाची किनार कापणं भाग होतं.

रहेमानने ब्लेड काढलं. नव्या कागदावर ब्लेड टेकवून तो थोडा वेळ नुसताच उभा राहिला. मग स्टीलची पट्टी धरून एका दमात किनार कापली, रेघेवर रेघ बसवली आणि मागून चिकटपट्टी लावली. राखीने पुन्हा मोजलं. वीस. रहेमाननेही स्वतः मोजलं, दोनदा. मग मीही मोजलं, उगाच.

नकाशा गुंडाळून मी संध्याकाळच्या गाडीने यवतमाळला नेला. कुणाला हात लावू दिला नाही. धर्मपालने तो टेबलावर पसरला, सगळ्यात आधी रंगमंचाच्या तोंडावर पट्टी ठेवली आणि मान हलवली. हा कुणी काढला, असं त्याने विचारलं. माझ्या पोरीनं, असं मी जरा जास्तच मोठ्यांदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून रहेमान माझ्या शेजारी बसला होता. शेवट आला. तांडा गेला, एकेक दिवा विझला. काळोखात नुसती पावलं ऐकू आली. ती थांबली आणि वरून उजेड उतरला. शमा त्यात बरोबर मधोमध उभी होती. डोक्यावरच्या ओढणीपासून पायातल्या वाळ्यांपर्यंत सगळी दिसत होती. रहेमानने माझं मनगट धरलं.

"राजकुमारभाऊ," तो हळूच म्हणाला, "काहीच कापल्या नाही गेलं."

मी माझा दुसरा हात त्याच्या हातावर ठेवला.

पडदा पडल्यावर नावं पुकारली. प्रकाशयोजना, राखी राजकुमार राठोड. मी उभा राहिलो. मागून कुणीतरी बसून घ्या म्हणालं. जन्मभर गाडीत मी लोकांना हेच सांगत आलो. पण त्या दिवशी मी बसलो नाही.