माझ्या नळीतले मीठ

मी एक विलायती सायकल आहे. माझा रंग काळाभोर, मडगार्डावर बारीक सोनेरी रेघ, सीट अस्सल चामड्याची. मला पाहणारा प्रत्येक जण प्रथम माझ्या झळाळीचे कौतुक करतो. त्या सर्वांना माझी नम्र विनंती आहे, की कौतुक जरा बाजूला ठेवावे आणि मी आतून कशी आहे ते ऐकून घ्यावे. बोलायला मला आता फारसा अवधी उरलेला नाही.

माझा जन्म दूरच्या थंड मुलुखातला, दुसरे महायुद्ध पेटण्याच्या आधीचा. माझे अंग पोकळ नळ्यांचे आहे. सायकल हलकी असावी म्हणून ते तसेच घडवतात. पोकळ वस्तूत एकदा बाहेरचे काही शिरले, की ते तिथेच मुक्काम करते, हे मात्र घडवणाऱ्यांनी मला सांगितले नव्हते.

बोटीतून मी मुंबईस आले आणि तिथून खाडीपलीकडे, कोपरखैरण्याच्या बाजूच्या एका मिठागरावर. तेव्हा या भागात इमारती नव्हत्या. पांढरी मिठाची रास, काळा चिखल आणि वर आभाळ, एवढेच. देखरेख करणारे गृहस्थ मला बांधावर टेकवून ठेवीत. उधाणाच्या दिवशी पाणी बांध ओलांडून येई आणि मी सीटपर्यंत खाऱ्या पाण्यात उभी राही. पाणी ओसरे, माझ्या नळ्यांत शिरलेले मात्र तिथेच सुकून जाई. वरून मला फडक्याने पुसत, तेल लावीत. आत कोणी पाहिले नाही. माणसांची ही सवय मी पुढेही पाहिली: हात पोचतो तेवढीच स्वच्छता.

त्या गृहस्थांनंतर मी मिठागरावरच्या पंढरी नावाच्या कामगाराकडे आले आणि पंढरीकडून, वाशीला नव्या वसाहतीची घरे उभी राहिली तेव्हा, श्यामसुंदर रेगे यांच्याकडे.

रेगे सरकारी कचेरीत नोकरीला होते. पण त्यांना कोणी विचारले, की ते 'मी व्हायोलिन वाजवतो' असेच सांगत. गाण्याच्या बैठकीत कधी बसले नव्हते, पण वसाहतीच्या गणेशोत्सवात त्यांचे वादन ठरलेले असे. व्हायोलिनच्या खालोखाल त्यांचा जीव जुन्या सायकलींवर. मला पाहताच त्यांनी चपला काढल्या, जणू देवळात आले.

"कुठेच गंज नाही?" त्यांनी विचारले.

"गंज?" पंढरी हसला. "साहेब, आमच्या मिठान मानसं नाय टिकत, पन ही बगा कशी टिकली हाय. हिला काय बी होनार नाय."

हे शेवटचे वाक्य रेग्यांनी जन्मभरासाठी मनात ठेवून दिले.

त्यांची मते ठाम होती. नव्या सायकली म्हणजे पत्र्याचे डबे. नवी वाद्ये म्हणजे विजेवर चालणारी खेळणी. जुन्या वस्तूचा मूळ भाग बदलला, की तिचा सूर जातो, हे तर त्यांचे ब्रीदच होते. मला त्यांनी कधी दुकानात नेले नाही. रविवारी सकाळी लुंगी खोचून ते स्वतः मला पुसत, खोबरेल चोळत, आणि मग माझ्या चाकाची एकेक तार बोटाने छेडून कान देत. मी त्यांच्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत राहत असे. मला जिन्यावरून ते खांद्यावर घेऊन चढवीत. इतकी माया मला पूर्वी कोणी केली नव्हती. म्हणूनच पुढचे सांगताना मला जड जाते.

मीठ आतून मला खात होते. ते घाई करीत नाही. प्रथम त्याने माझा पुढचा चिमटा धरला, म्हणजे ज्याच्या दोन पायांत पुढचे चाक असते तो. त्याची वरची नळी माझ्या मानेतून जाऊन हँडलला मिळते. तिला आतून तडा गेला. आम्हा वस्तूंना तोंड नाही. आवाज तेवढा आहे. मी आवाज केला. पॅडलवर जोर पडला, की मानेतून 'टक्' असा नाद येऊ लागला.

या वसाहतीत रेग्यांइतका तयार कान कोणाचा नव्हता. त्यांनी तो पहिल्याच दिवशी ऐकला. सायकल थांबवली, पुन्हा चालवली, डोळे मिटले, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"वैजयंती!" त्यांनी खालूनच पत्नीला हाक मारली. "अगं, ही लय धरतेय!"

त्या दिवसापासून माझे दुखणे त्यांची मात्रा झाले. संध्याकाळी ते इमारतीला संथ फेऱ्या घालीत आणि माझ्या टक् टक् नादावर गत गुणगुणत. मग वर जाऊन तीच गत व्हायोलिनवर काढीत. शेजारचे सुभाष तबला वाजवीत. ते कठड्यावरून ओरडत, "रेगे, सायकल समेवर आली हो, तुम्ही कुठे राहिलात?" सगळे हसत. तडा दिवसेंदिवस लांबत होता, आणि मी जितकी मोठ्याने सांगे, तितके रेगे अधिक खूश होत.

वैजयंतीबाईंना गाण्यातले कळत नसे. त्यांना केर कळत असे. सकाळी गॅलरी झाडताना त्यांना माझ्याखाली तांबडी भुकटी सापडू लागली. कुंकवासारखी बारीक. पुसावी, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तशीच.

"अहो, हे बघा. आजही सांडलंय. ही आतून झिजतेय."

"धूळ आहे ती. समोर बांधकाम चाललंय ना."

"धूळ अशी चाकाखालीच रांगोळी घालते होय? व्हायोलिनच्या तारा बदलता ना तुम्ही? मग हिचा तो चिमटा बदलला तर काय बिघडलं?"

"तारा वेगळ्या, लाकूड वेगळं. तुला नाही कळायचं."

"नाही कळायचं," त्या म्हणाल्या आणि सुपली भरून केर खाली घेऊन गेल्या. मी त्यांच्याकडे पाहत राहिले. त्या घरात माझे म्हणणे समजलेले एकच माणूस होते, आणि त्या माणसाचे कोणी ऐकत नव्हते.

रेग्यांची मुलगी जयमाला नऊ वर्षांची झाली, तेव्हा वडिलांनी तिला शब्द दिला: यंदाच्या दसऱ्याला सीमोल्लंघन खाडीपूल ओलांडून करायचे. माझ्या पुढच्या दांडीवर तिने बसायचे, पलीकडून आपट्याची पाने आणायची, आणि परतताना पुलाच्या उतारावर पॅडल न मारता वाऱ्यासारखे यायचे. मुलीने हे साऱ्या वर्गात सांगितले. मला त्या उताराचे भय वाटू लागले. तिथे ब्रेक दाबला, की सारा भार मानेवर येतो, बाजूने बसगाड्या आणि मालमोटारी जातात, कठड्याखाली खाडी. दांडीवरचे मूल सर्वांत पुढे असते.

दसरा आला. रेग्यांनी व्हायोलिनला हळदकुंकू वाहिले, मला झेंडूची माळ घातली. खाली अंगणात शेजारी जमले होते. जयमाला नवा फ्रॉक घालून पुढे आली, तोच वैजयंतीबाई जरीचे पातळ नेसून जिना उतरल्या आणि माझे हँडल धरून उभ्या राहिल्या.

"आधी मी बसणार."

"कुठे?" रेगे गोंधळले.

"दांडीवर. पोरगी बसणार तिथेच. मला पुलाच्या पायथ्याशी नेऊन आणा, मग तिला न्या. मी अडवणार नाही."

लग्न झाल्यापासून ही बाई कधी सायकलीवर बसली नव्हती. चारचौघांत नवऱ्याच्या पुढ्यात दांडीवर बसणे म्हणजे एरवी तिला मेल्याहून मेल्यासारखे वाटले असते. सुभाष टाळ्या पिटत म्हणाले, "वहिनी, अहो नवरी दिसताय! रेगे, बँड बोलावू का?" बायका पदर तोंडाला लावून हसल्या. वैजयंतीबाई हसल्या नाहीत. पदर खोचून त्या माझ्यावर बसल्या. अंगाचा सारा भार त्यांनी दांडीवर टाकला. मला तेव्हा उमगले, की ही हौस नव्हती. मुलीच्या जागी त्या स्वतःचे वजन ठेवून मला पारखत होत्या.

रेगे आनंदाने निघाले. टक्. टक्. वसाहतीच्या फाटकाशी रस्ता जरा खाली उतरतो आणि तिथे पाणी जाण्यासाठी आडवी चर आहे. मी माझे उरलेले सारे बळ मानेत एकवटले. ते पुरले नाही. चर लागली, रेग्यांनी ब्रेक दाबला, आणि माझी मान आवाज न करता तुटली.

रेगे बाजूला फेकले गेले, त्यांना खरचटले इतकेच. वैजयंतीबाई माझ्याखाली आल्या. त्यांच्या गुडघ्याखालचे हाड दोन ठिकाणी मोडले. त्या ओरडल्या नाहीत. लोक धावले, तेव्हा त्यांनी आधी अंगणाकडे पाहिले. जयमाला तिथे सुखरूप उभी होती. मग त्यांनी डोळे मिटले.

इस्पितळातून परतल्यावर रेग्यांनी तुटलेला चिमटा हातात घेतला. वरून रंग शाबूत होता. आत लोखंड कागदाएवढे उरले होते. तो उलटा करताच तांबडा चुरा त्यांच्या तळहातावर ओघळला. "पुन्हा नाही," ते पत्नीपाशी बसून म्हणाले आणि लहान मुलासारखे रडले. कितीतरी दिवस त्यांनी व्हायोलिनला हात लावला नाही.

माझी गोष्ट इथेच संपायला हवी होती. मला भंगारात द्यायला हवे होते.

परंतु पश्चात्तापालाही माणूस हळूहळू सरावतो. प्रथम ते मला नुसते पाहत. मग एकदा धूळ पुसली. मग आल्यागेल्याला सांगू लागले, "चिमटा तेवढा सडका निघाला हो. बाकी सायकल ठणठणीत." आणि काल मुंबईच्या जुन्या बाजारातून ते एक चिमटा घेऊन आले. माझ्याच जातीचा, माझ्याच वयाचा. तो त्यांनी देवासमोर ठेवला.

खाटेवरून, प्लास्टरमधला पाय उशीवर टेकवून, वैजयंतीबाईंनी एकच विचारले, "अहो, आजार चिमट्याला होता की सायकलीला?"

"मूळ चिमटा मिळालाय, वैजयंती! असा योग पुन्हा येत नाही."

आज रविवार आहे. सकाळपासून गॅलरीत माझे अंग सुटे करून मांडले आहे. नवा चिमटा बसला. चामड्याला तेल द्यायचे म्हणून सीट काढली आहे, आणि सीटखालची नळी उघडी आहे. याच नळीतून उधाणाचे पाणी माझ्या पोटात उतरत असे. दांडी या नळीलाच जोडलेली आहे. तिची अवस्था मला ठाऊक आहे. आता तीही फार दिवस धरणार नाही.

रेगे पाना आणायला आत गेले. जयमाला फडके घेऊन माझ्यापाशी बसली होती. मुलांना भोक दिसले, की बोट घालायचेच असते. तिने घातले. बाहेर काढले, तेव्हा ते पेरापर्यंत तांबडे झाले होते. तिने बोटाकडे पाहिले. खोलीतल्या आईकडे पाहिले. पोर अजाण नाही, तिला समजले. मी मनातल्या मनात म्हणत होते: हाक मार, बाळ. आत्ता हाक मार.

"काय गं, काय बघतेस?" रेगे पाना घेऊन आले.

तिने हात पाठीमागे नेला आणि बोट फ्रॉकला पुसले.

"काही नाही, बाबा. आज संध्याकाळी जाऊया ना पुलावर?"

"जाऊया की!"

आता ते सीट घट्ट बसवीत आहेत. नळी बंद झाली. वैजयंतीबाई, तुम्हाला उठता येत नाही हे मला समजते. पण मुलगी आत्ता तुमच्या खोलीत येईल, तेव्हा तिला जवळ बोलवा. तिला पाठमोरी उभी करा, आणि तिच्या फ्रॉककडे नीट पाहा.