कूट्सबाईचा निवाडा

कायद्याच्या पहिल्या वर्षाची मुलं डोरीन हॅकमनला पाठीमागे ‘विरुद्ध पार्टी’ म्हणायची. तिला ते ठाऊक होतं, आणि मनातून थोडं आवडतही होतं. कॉलेजच्या ग्रंथालयात ती संशोधनाचं काम बघायची. प्राध्यापकांना हवे ते निवाडे हुडकून द्यायचे, आणि आठवड्यातून दोनदा वर्गावर जाऊन कायदा शोधायचा कसा ते मुलांना शिकवायचं. वकिलीची पदवी तिच्याकडेही होती, पण कोर्टात उभं राहणं तिच्या पिंडात नव्हतं. चार माणसांपुढे वाद घालायची वेळ आली की घसा कोरडा पडायचा. वर्गात मात्र तिची जीभ मोकळी सुटायची. दरवर्षी पहिल्याच तासाला ती सांगायची, “तुमच्या बाजूचं काय आहे ते शेंबडं पोरही शोधील. तुमच्या विरुद्ध काय आहे ते आधी शोधा. तुम्हाला सापडलं नाही, तर ते समोरच्याला सापडेल. मग पळायला जागा राहणार नाही.”

मुलं हसायची आणि वहीत उतरवून घ्यायची.

हार्लन प्रुएट तिच्याकडे आला तो सप्टेंबरात. कॉलेजच्या तळमजल्यावर गरिबांसाठी फुकट सल्ला देणारं केंद्र होतं. शेवटच्या वर्षाची मुलं तिथे प्राध्यापकाच्या देखरेखीखाली खरे खटले चालवायची. हार्लनचा खटला जोलीन कॅफी नावाच्या मुलीकडे होता. केंद्रातलं काम आटोपलं की त्याची परतीची बस यायला बराच वेळ असे, म्हणून तो वर ग्रंथालयात येऊन बसायचा. उंच, वाकलेला, सत्तरी ओलांडलेला माणूस. जन्मभर नदीवर बोटींसाठी पाण्याचे दरवाजे उघडमीट करण्याची नोकरी केलेला. टोपी मांडीवर ठेवून डोरीनच्या टेबलाजवळच्या खुर्चीत बसायचा.

“बाई, एवढी पुस्तकं आहेत तुमच्याकडं,” तो पहिल्या दिवशीच म्हणाला, “एखाद्यात तरी माझं घर असेल की.”

“शोधतोय आम्ही, मिस्टर प्रुएट.”

“शोधा, शोधा. घाई नाही. म्हणजे, घाई आहे, पण ती तुमच्यावर काढायची नाही.”

ते घर म्हणजे आयव्हाचं घर. आयव्हाचा पहिला नवरा कोळशाच्या खाणीत दगावला, आणि तिला त्याचं पेन्शन सुरू झालं. दुसरं लग्न केलं असतं तर ते बंद झालं असतं. त्यामुळे हार्लन आणि ती तिशीपासून एकत्र राहिले, म्हातारे झाले, पण चर्चची पायरी काही चढले नाहीत. गाव त्यांना नवराबायकोच समजायचं. घर तिच्या नावावर, आणि हात त्याचे. छप्पर त्यानं घातलं, विहीर त्यानं खोदली, तिचे गुडघे गेल्यावर जिना चढायला नको म्हणून खाली एक खोली बांधली ती त्यानंच. फेब्रुवारीत आयव्हा गेली. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. कायद्यानं घर तिच्या भाच्याकडे गेलं. हा भाचा ॲरिझोनात राहणारा. आयव्हाच्या अंत्यविधीलाही त्याला सवड झाली नव्हती. एप्रिलमध्ये त्याच्या वकिलाची नोटीस आली, घर रिकामं करा.

जोलीननं खटला छान उभा केला होता. या माणसाच्या श्रमांनी घर उभं आहे, दोघांमध्ये न बोललेला करारच होता, तेव्हा त्याला घरात हिस्सा मिळावा, निदान मरेपर्यंत राहू द्यावं, असं तिचं म्हणणं. भाच्याच्या वकिलानं उत्तरादाखल दोन-तीन पानं खरडून पाठवली होती. त्यात एकही धड दाखला नव्हता. जोलीन ती पानं नाचवतच डोरीनकडे आली.

“डोरीन, त्यांच्याकडे काहीसुद्धा नाहीये! आळशी आहे तो वकील. तुम्ही फक्त शेवटची एक नजर टाका. आपल्या विरुद्ध काही नाही एवढं सांगा, की मी झोपायला मोकळी.”

“काही नाही असं कुणी सांगत नसतं, पोरी. सापडलं नाही एवढंच सांगता येतं.”

“बरं बाई, तसं म्हणा. पण शोधा.”

डोरीननं शोधलं. कॉम्प्युटरवर लग्न, सहवास, वारसा, घर असे सगळे शब्द घालून झाले. खरोखरच काही नव्हतं. तिथे ती थांबली असती तरी कुणी नाव ठेवलं नसतं. पण तिच्या डोक्यात आलं, आज आपण ‘जोडीदार’ म्हणतो. शंभर वर्षांपूर्वी एखादी बाई लग्नाशिवाय पुरुषाच्या घरात राहत असेल, तर न्यायाधीश तिला काय म्हणाले असते? जोडीदार तर नक्कीच नाही. ‘घर सांभाळणारी’ म्हणाले असते. मोलकरीण म्हणाले असते.

शुक्रवारी दुपारी ती मागच्या दालनात गेली आणि जुन्या सूचीचे खंड काढून ‘मालक आणि नोकर’ हा भाग वाचायला बसली. चहा गार होईपर्यंत तिला तो सापडला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा जुना निवाडा. मिनर्व्हा कूट्स नावाची बाई टॉलिव्हर नावाच्या शेतकऱ्याच्या घरात वर्षानुवर्षं राहिली. स्वयंपाक, गुरं, त्याचं आजारपण, सगळं तिनं केलं. तो मेल्यावर तिनं घरात हिस्सा मागितला. न्यायालय म्हणालं, जी माणसं कुटुंबासारखी एकत्र राहतात, ती एकमेकांसाठी जे करतात ते प्रेमापोटी करतात असंच धरलं पाहिजे. मोबदल्याचं स्पष्ट बोलणं झालेलं असेल, तरच मागता येईल. प्रेमापोटी केलेल्या कामाचं देणं कुणी लागत नाही.

तो निवाडा कधीच फिरवला गेला नव्हता, हेही तिनं तपासून पाहिलं.

डोरीन खंड उघडा ठेवून बसून राहिली. वकिलांचा नियम तिला तोंडपाठ होता. आपल्या राज्याच्या वरच्या न्यायालयाचा थेट विरुद्ध जाणारा निवाडा माहीत असेल, तर तो कोर्टापुढे ठेवावाच लागतो, समोरच्याला सापडलेला नसला तरीही. पण ती काही या खटल्याची वकील नव्हती. तिनं खंड मिटून जागेवर ठेवला असता, तर जोलीनला माहीत होण्याचं कारण नव्हतं, आणि माहीत नसलेलं लपवल्याचा दोष कुणावर आला नसता. भाच्याचा वकील या दालनात पाऊल ठेवणार नाही, हे तर सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ होतं. तिनं खंड मिटलाही. मग पुन्हा उघडला, पानात कागदाची पट्टी घातली, आणि जिना उतरून केंद्राचे प्रमुख, प्रोफेसर एब लोवेनथाल, यांच्या खोलीत गेली.

म्हाताऱ्यानं उभ्या उभ्याच वाचलं. मग खाली बसून परत वाचलं.

“अगं डोरीन,” तो म्हणाला, “हे काय आणलंस?”

“मला आणायचं नव्हतं, एब.”

“ते दिसतंय.” त्यानं चष्मा काढून डोळे चोळले. “जोलीनला बोलव. नाही, थांब. मीच सांगतो.”

सोमवारी जोलीन डोरीनच्या टेबलापुढे येऊन उभी राहिली. तिचे डोळे सुजले होते.

“तुम्हाला त्या कपाटापर्यंत जायला सांगितलं कुणी होतं?”

“तूच.”

“मी नजर टाका म्हटलं होतं, कबरी उकरा म्हटलं नव्हतं! ते पुस्तक मिटलं असतंत तर काय बिघडलं असतं? कुणाचं वाईट झालं असतं? त्या भाच्याचं?”

वर्गात डोरीनला दहा उत्तरं सुचली असती.

“मी तुमचा प्रत्येक तास लक्ष देऊन ऐकला,” जोलीन म्हणाली, “आणि त्याचं फळ हे.” ती गेली. त्यानंतर ग्रंथालयात आली तरी डोरीनच्या टेबलाकडे ती फिरकत नसे.

एक वाट मात्र उरली होती. हार्लननं साक्षीत सांगितलं असतं, की घराच्या कामाच्या बदल्यात हिस्सा देईन असं आयव्हा बोलली होती, तर कूट्सबाईचा निवाडा आड आला नसता. लोवेनथालनं त्याला खुर्चीवर बसवून हे नीट समजावलं. “तुम्ही काय बोलायचं ते आम्ही शिकवणार नाही, मिस्टर प्रुएट. फक्त आठवा. असं काही बोलणं झालं होतं का?” हार्लननं टोपी फिरवत बराच विचार केला. “बोलणं तर रोजच व्हायचं,” तो म्हणाला. “आठवतो.”

सुनावणी नोव्हेंबरात होती. डोरीन रजा टाकून गेली आणि मागच्या बाकावर बसली. हार्लननं सूट घातला होता, खांद्यात सैल झालेला. भाच्याच्या वकिलाच्या हातात आता कूट्सबाईच्या निवाड्याची प्रत होती. जोलीननंच नियमाप्रमाणे त्याला ती धाडली होती.

“मिस्टर प्रुएट,” त्यानं विचारलं, “ती खालची खोली तुम्ही बांधलीत. तेव्हा तुम्हाला काय मोबदला मिळेल अशी अपेक्षा होती?”

“मोबदला?”

“काय मिळेल असं वाटलं होतं तुम्हाला?”

“तिला जिना चढवत नव्हता हो,” हार्लन म्हणाला. “रात्री रात्री गुडघे धरून बसायची. आता खोली बांधायची नाही तर काय करायचं?”

न्यायाधीश बाईंनी पुढे झुकून त्याच्याकडे पाहिलं. आवाज मऊ होता. “मिस्टर प्रुएट, घाई करू नका. घराच्या हिश्श्याबद्दल आयव्हाबाई तुमच्याशी कधी काही बोलल्या होत्या? नीट आठवून सांगा.”

जोलीननं टेबलाची कड धरली होती. डोरीनला तिचा फक्त पाठमोरा ताठ खांदा दिसत होता.

“आठवलं, जजबाई,” हार्लन म्हणाला. “पुष्कळ आठवलं. चारसहा रात्री तेच केलं. पण तसं आम्ही नाही बोललो कधी. ते बोलायचं असतं हेच आमच्या ध्यानात आलं नाही.”

निकाल पंधरवड्यात आला, भाच्याच्या बाजूनं. त्यात न्यायाधीश बाईंनी दोन ठिकाणी खेद व्यक्त केला होता. नाताळ होईपर्यंत राहण्याची मुभा दिली होती.

डिसेंबरात हार्लन ग्रंथालयात आला. बहिणीकडे, इंडियानात राहायला चालला होता. निरोप घ्यायला म्हणून आला आणि नेहमीच्या खुर्चीत बसला. डोरीननं हातातलं काम बाजूला सारलं.

“बाई, तुम्हाला वाईट वाटतंय, ते पोरगी बोलली मला,” तो म्हणाला. “रागात बोलली, पण बोलली. नका वाटून घेऊ. तुम्हाला विचारलं, तुम्ही शोधलंत. मला विचारलं, मी सांगितलं. आता एक काम करा माझं.”

“सांगा ना.”

“ती कूट्सबाई. तिचं पुढं काय झालं?”

तो निवाडा डोरीननं किती वेळा वाचला होता, लोवेनथालनं वाचला होता, जोलीनला तर तो पाठ झाला असेल. हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता.

“निवाड्यात ते नसतं, मिस्टर प्रुएट. निकाल लागला की ते संपतं.”

“पण ती थोडीच संपली असेल? कुठंतरी गेलीच असेल की, बिछाना उचलून. शोधा जमलं तर.” त्यानं बहिणीचा फोन नंबर एका कागदावर लिहून दिला.

डोरीन आठवडाभर दुसरं काही शोधत नव्हती. जुनी जनगणना, तालुक्याची वर्तमानपत्रं, चर्चच्या नोंदी. मिनर्व्हा कूट्स पहिली दोन वर्षं या घरी त्या घरी राहिली होती. मग जिल्ह्याच्या गरीबखान्यात गेली. तिथेच एका हिवाळ्यात न्यूमोनियानं मेली. वर्तमानपत्रात तिच्यासाठी दोन ओळी होत्या, आणि त्यातही टॉलिव्हरचं नाव नव्हतं. मूलबाळ नाही, नातेवाईक नाहीत. पुरलं कुठे तेही सापडलं नाही.

हे सांगायचं की नाही, यावर ती दोन दिवस अडली. मोघम काहीतरी सांगता आलं असतं. नोंदी जळाल्या म्हटलं असतं तरी कोण बघायला येणार होतं? शेवटी तिनं दुपारी फोन लावला आणि जसं सापडलं तसं सांगून टाकलं.

पलीकडे मागे कुठेतरी भांडी वाजत होती.

“गरीबखाना म्हणजे थंडीच असणार,” हार्लन म्हणाला.

“असणार.”

“तिलाही कोर्टात विचारलं असेल ना, बोलणं झालं होतं का म्हणून?”

“विचारलं होतं. ते आहे निवाड्यात.”

“मग?”

“नाही म्हणाली. आम्ही तसं कधी बोललो नाही, म्हणाली.”

“हं.” “मला बहिणीचं घर तरी आहे. तिला कुणीच नव्हतं. बरं केलंत बाई, सांगितलंत. निदान आपल्या दोघांना तरी ठाऊक झालं.” मग आवाज खाली करून म्हणाला, “आयव्हाचं कपाट तसंच राहिलं तिकडं. पोरगी म्हणाली होती आणते, पण मीच नको म्हटलं. ठेवायचं कुठं इथं?” कुणीतरी त्याला जेवायला हाक मारली. “आलो, आलो,” तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

परीक्षा तोंडावर होती. ग्रंथालय भरलेलं होतं, आणि कुणी मान वर करत नव्हतं. डोरीन उठून मागच्या दालनात गेली, कपाटाला टेकली आणि तिथे तिला रडू आलं. कोर्टातही आलं नव्हतं, ते आता थांबेना. मागून पावलं वाजली. पुस्तक शोधत जोलीन आली होती. तिला बघून जोलीन परत फिरली, चार पावलं गेली, मग थांबली.

“त्यांचा फोन होता?”

डोरीननं होकाराची मान हलवली.

“घराबद्दल काही बोलले?”

“आयव्हाचं कपाट राहिलं म्हणाले.”

जोलीननं हातातलं पुस्तक खाली ठेवलं. भाच्यानं अजून त्या घरात पाऊलसुद्धा ठेवलेलं नव्हतं, आणि ते बंदच होतं, हे तिला माहीत होतं, पण ती बोलली नाही. तिनं खिशातून चुरगळलेला कागदी रुमाल काढून डोरीनच्या हातात दिला, आणि ‘विरुद्ध पार्टी’शेजारी जमिनीवरच बसली.