काळ्या दोऱ्याचा निवाडा

मोहटोल्याच्या देवळापुढं सारा गाव लोटला होता. “फोड आले! फोड आले!” असा एकच गलका. गावचा मांत्रिक भैरूबाबा बुधरीचं मनगट उंच धरून गर्दीला दाखवत होता आणि लोक वहाणा काढून नमस्कार करत होते. नमस्कार बाबाला. जिचं मनगट सोलून निघालं होतं, तिच्याकडं बघायला कुणाला सवड नव्हती.

ही चांदा जिल्ह्यातल्या जंगलातली, चौपन्न-पंचावन्न सालातली गोष्ट. पोरांच्या अंगावर चिघळणाऱ्या जखमांसाठी पेनिसिलिनची सुई द्यायला आमची सेवा-तुकडी त्या गावात राहिली होती. तुकडी म्हणजे डॉक्टर मी आणि नर्स अन्नपूर्णाबाई. बुधरी गावची सुईण. सुईला घाबरून सगळे पळत होते तेव्हा तिनं आपला नातू पुढं केला. तो बरा झाला, तशी ती घरोघरची पोरं आमच्याकडं आणू लागली. बाबाच्या अंगाऱ्याला गिऱ्हाईक उरेना.

अशात गावातल्या देवाजीची धाकटी पोर तापानं गेली. बाबानं लगेच निदान केलं : करणी! आणि गावातल्या प्रत्येक बाईच्या मनगटाला त्यानं स्वतःच्या हातानं एकेक काळा दोरा बांधला.

“जे निर्दोष, तिले हा दोरा फुलावानी! जिनं पोर खाल्ली, तिले इंगळावानी! देवाची कचेरी हाय, इथी अपील नाई!”

दुसऱ्या दिवशी एकट्या बुधरीच्या मनगटाला फोड आले. देवाच्या कचेरीत काम फारच झटपट होतं.

आम्हाला खबर लागून आम्ही धावत पोचलो, तोवर तिला मोहाच्या झाडाला बांधून एरंडाच्या फोकांनी झोडपलं होतं. पाठीवर लुगडं रक्तानं चिकटलं होतं. “दात पाडा हिचे! दात नसले का मंत्र चालत नाई!” बाबा ओरडत होता. दगड देवाजीच्या हातात होता. मी गर्दीत घुसलो, कुणाची तरी काठी माझ्या कपाळावर बसली, आणि मी उठेपर्यंत बुधरीचे पुढचे दोन दात मातीत पडले होते.

अन्नपूर्णाबाई सरळ तिच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. “आता मला मारा आधी,” त्या म्हणाल्या. देवाजीचा हात वरच राहिला.

तेवढ्यात मी बुधरीचा दोरा कात्रीनं कापला आणि चिमट्यात धरला. फोड बरोब्बर दोऱ्याखालीच होते, मनगटाभोवती कडं घातल्यासारखे. देवाजीच्या बायकोचा, शकुबाईचा, दोरा मागून घेतला. तो मऊ सूत. बुधरीचा मात्र कडक, चिकट, काळा रस प्यालेला.

“हा बिब्बा आहे,” मी म्हणालो. “तुम्ही रानातून बिब्बे आणता. फोडायच्या आधी हाताला तेल चोळता. का चोळता?”

सगळ्यांना उत्तर ठाऊक होतं : बिब्ब्याचा रस कातडीला लागला की फोड येतात. पण भीती वाटली की माणसाला रोजच्या हाताळणीतली वस्तूही ओळखू येत नाही.

“देवाच्या दोऱ्याले बिब्बा म्हनते!” बाबा किंचाळला. “मारा याले!”

“थांबा,” देवाजी म्हणाला. त्याचे डोळे तांबारले होते. “तो दोरा मले बांधा. मी कोनाची पोर खाल्ली नाई. माहीच गेली हाय. मले फोड नाई आले, तर बुधरीले तर सोडतच नाई, या डाक्टरचेबी दात पाडतो.”

“कबूल,” मी म्हणालो. दुसरा इलाज नव्हता.

बाबा मात्र पांढरा पडला. “देवाजी, तू नोको बांधू. दोरा बायांसाठी हाय. अन् मनात शंका ठेवून बांधला, तं निर्दोषालेबी फोड येते!”

“माह्या मनात शंका नाई, बाबा,” देवाजी म्हणाला आणि त्यानं हात पुढं केला.

मी चिमट्यानंच दोरा बांधला. अन्नपूर्णाबाईंनी बुधरीला झाडापासून सोडवून मलमपट्टीला नेलं. देवाजी देवळाच्या ओट्यावर बसला आणि त्यानं बाबाला समोर बसवून घेतलं. त्या दिवशी बाबाला परसाकडं फार वेळा लागली. दर वेळी देवाजीचा भाऊ मुखरू लोटा घेऊन सोबत गेला.

सकाळी गाव पुन्हा जमला. देवाजीच्या मनगटाभोवती तसंच कडं उठलं होतं, लालभडक, पाण्यानं टरारलेलं.

“बिब्बाच हाय,” तो हळू आवाजात म्हणाला.

आणि त्यानं तोच दगड उचलला. मागं सगळा गाव. काल “मारा तिले” म्हणणारे तेच गळे आज “मारा बाबाले” म्हणत होते. बाबानं माझे पाय धरले. खरं सांगतो, त्याला लाथ घालावीशी मलाही वाटली. पण मी देवाजीचा हात धरला. तो मला झटकून टाकणार, इतक्यात अन्नपूर्णाबाईंच्या खांद्याला धरून बुधरी आली. तोंड सुजलेलं, शब्द कसेबसे फुटत होते.

“त्याले मारून माहे दात येतीन काय, देवाजी?”

दगड खाली पडला. देवाजी मटकन बसला आणि ढसाढसा रडला. मग त्यानं मला विचारलं, “डाक्टरभाऊ, माही पोरगी कशानं गेली?”

“तिला बघितल्याशिवाय कसं सांगू? हिवताप असेल. इथं तो घरोघर आहे, आणि त्याच्या गोळ्या आमच्या पेटीत होत्या. तुम्ही तिला अंगारा लावत बसलात.”

भैरूबाबाला गोंडपिपरीच्या पोलिसांकडं पाठवलं. बुधरी वाचली. तिनं पुन्हा पोरं आणली. तिच्यामागं पहिला उभा होता देवाजी, उरलेल्या लेकराला कडेवर घेऊन. बुधरी त्याच्याशी बोलली नाही, पण लेकराचा हात तिनंच धरला.

पोर कशानं गेली, हा प्रश्न देवाजीनं सगळ्यात शेवटी विचारला. तुम्ही तो सगळ्यात आधी विचारा. कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी तो दोरा हातात घेऊन बघा, शेजारच्या दोऱ्याशी ताडून बघा, आणि दाखवणाऱ्याला म्हणा, आधी तुमच्या मनगटाला बांधा. एवढं मोहटोल्यात एकानं जरी वेळेवर म्हटलं असतं, तरी बुधरीला पुढं जन्मभर भाकर पाण्यात बुडवून खावी लागली नसती.